कॉम्प्युटर मधेच का अडकतो?

पूर्वी सातबारा हवा असला म्हणजे तलाठ्याची वाट पाहावी लागे. तलाठी कधी सजाच्या गावी, तर कधी तहसिलीत. भेटला तर काम, नाही तर हेलपाटा. आता पुष्कळ ग्रामपंचायतींत कॉम्प्युटर आला आहे. गट नंबर सांगावा. सातबारा पडद्यावर दिसतो आणि छापून हातात पडतो. आठ-अ, पीक विम्याचा अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, किती कामे त्या एका पेटीवर चालतात! म्हणून ती पेटी अडकली की साऱ्या गावाचे काम अडते.

पेटी अडकते म्हणजे काय होते? पडदा दिसत असतो, पण हलत नाही. माऊस फिरवला तरी बाण जागचा सरकत नाही. कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. पडद्यावरचे घड्याळसुद्धा थांबते. बैलाने चालता चालता मधेच बसकण मारावी आणि शेपूट पिरगाळली तरी उठू नये, तसे होते. गावात याला 'हँग झाला' म्हणतात. मग बटण दाबून पेटी बंद करायची, पुन्हा सुरू करायची, आणि अर्ज पहिल्यापासून भरायचा.

रोज ठरल्या वेळी अडकला तर एक वेळ सोपे. पण हा कधीही अडकतो. दोन दिवस नीट चालतो, तिसऱ्या दिवशी तीनदा बसतो. दुरुस्तीला नेला तर तिथे अगदी शहाण्यासारखा चालतो. परत आणला की पुन्हा तेच. असल्या दुखण्याला काय करावे, ते या धड्यात पाहू.

एका गावची हकीकत

गावाचे नाव कशाला सांगा! तुमच्या गावातही असे घडले असेल.

वैशाखाचे दिवस होते. पीककर्जाच्या कागदांसाठी पंचायतीच्या खोलीपुढे रांग लागली होती. कॉम्प्युटरवर काम करणारी ताई गावातलीच, बारावी शिकलेली. दर अर्जामागे तिला थोडे पैसे मिळत. कॉम्प्युटर अडकला की अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर पैसे नाहीत. त्या दिवशी दुपारी तो पाच वेळा अडकला. रांगेतले एक आबा सकाळपासून उभे होते. ते चिडून म्हणाले, "पोरी, तुला येतंय का हे? आधी तो पोरगा बसायचा तेव्हा नव्हतं असं होत." मागून कोणी तरी म्हणाले, "हिचा हातगुणच वाईट." ताई काही बोलली नाही. खाली मान घालून तिने पुन्हा बटण दाबले.

सरपंचांनी तालुक्याहून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "व्हायरस असणार. फॉरमॅट मारू." फॉरमॅट म्हणजे कॉम्प्युटरचे कपाट पार रिकामे करून नव्याने मांडणे. त्याने पाचशे रुपये घेतले. पेटीत पाणीपट्टीची यादी होती, ती पुसली गेली. ती पुन्हा लिहून काढायला ताईला अकरा दिवस लागले. आणि कॉम्प्युटर? तो चौथ्याच दिवशी अडकला. पुन्हा दुरुस्तीवाला, पुन्हा फॉरमॅट, पुन्हा पाचशे. पुन्हा अडकला.

पाय मोडलेल्या माणसाला जुलाबाचे औषध द्यावे, तशातला हा प्रकार. व्हायरस नसतोच असे आम्ही म्हणत नाही. पण आधी दुखते कुठे ते तर पाहायला हवे!

पेटीत असते काय?

कॉम्प्युटरची पेटी म्हणजे एक छोटी कचेरीच समजा.

त्या कचेरीत एक कारकून आहे. त्याचे नाव प्रोसेसर. तो भारी चपळ. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो, आणि त्या ठोक्यांवर त्याचे काम चालते. पण त्याला स्वतःची अक्कल नाही. पुढ्यात जे लिहिलेले असेल तेच तो करतो.

कारकुनाच्या पुढ्यात एक पाटी आहे. तिचे नाव रॅम. चालू काम तो या पाटीवर मांडतो. वीज गेली की पाटी कोरी होते. म्हणून अर्धा भरलेला अर्ज नाहीसा होतो.

पाठीमागे कपाट आहे. ती हार्ड डिस्क. कपाटात ठेवलेले कागद वीज गेली तरी राहतात. जुन्या कपाटांत एक चकती गरगर फिरते, नव्यांत फिरणारे काही नसते. त्या नव्या कपाटाला एसएसडी म्हणतात.

शिवाय वीज पुरवणारा एक डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतल्या खटक्यातून २३० व्होल्टची वीज येते. आतल्या नाजूक भागांना ती सोसणार नाही. हा डबा तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करून देतो. आणि पंखे असतात. ते का असतात, ते पुढे येईलच.

आता पाटीकडे नीट पाहा. ४ जीबीच्या एका पट्टीत ३,४३५ कोटींहून जास्त बारीक घरे असतात. प्रत्येक घरात एक तर १ असतो, नाही तर शून्य. समजा, एवढ्या घरांतले एकच घर खराब झाले. तिथे १ लिहिला तरी शून्य वाचला जातो. कारकून त्या घराकडे गेला नाही तर दिवसभर काही बिघडत नाही. ज्या घटकेला तो तिथे पोचतो आणि चुकीचे वाचतो, त्या घटकेला त्याची वाट चुकते. तो एकाच जागी गरगरत राहतो, किंवा गप्प बसतो.

आपल्याला वाटते, कॉम्प्युटर लहरी आहे. पण लहर वगैरे काही नाही बरं का! बिघाड एकाच जागी घट्ट बसलेला आहे. तिथे पाय केव्हा पडेल, एवढेच ठरलेले नाही. रस्त्यातला खड्डा काही हालत नाही, आपली गाडीच रोज वेगळ्या अंगाने जाते.

म्हणून असा बिघाड नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. त्याचा माग काढावा लागतो.

वही घाला

ताईला माध्यमिक शाळेतल्या गुरुजींनी एक युक्ती सांगितली. ते म्हणाले, "हे बघ, कॉम्प्युटर अडकला की आधी वही उघड आणि मग बटण दाब. तारीख, वेळ, सुरू करून किती वेळ झाला, काय काम चाललं होतं, वीज लाईनची का बॅटरीची, सगळं लिही. आठवून लिहू नकोस. तिथल्या तिथं लिही."

ताईने शंभर पानी वही घेतली. तिची पहिली पाने अशी:

१२ मे. दुपारी १-१०. सुरू करून ३ तास. सातबारा छापत होते. लाईन होती.

१२ मे. दुपारी १-४०. सुरू करून २० मिनिटे. काहीच करत नव्हते.

१३ मे. सकाळी ९-१५. सुरू करून १५ मिनिटे. अर्ज भरत होते. लाईन नव्हती, बॅटरीवर.

१४ मे. दुपारी ३-०५. सुरू करून ५ तास. आठ-अ.

अशी वही ठेवण्याची रीत कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ नावाचे खोलीभर मोठे गणितयंत्र होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते बिघडले. शोधता शोधता यंत्राच्या एका विजेच्या खटक्यात एक पाकोळी अडकून मेलेली सापडली. तिथल्या लोकांनी ती पाकोळी काढली, रोजच्या वहीत चिकटवली आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते पान पाकोळीसकट जपून ठेवले आहे. कॉम्प्युटरच्या दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. तो शब्द या पाकोळीमुळे आला असे पुष्कळ जण सांगतात. तसे नाही. शब्द त्याआधीचा आहे. पण किडा खरोखर सापडला तो असा!

अडकला तेव्हा काय करावे?

घाईने वायर उपटू नये. दोन मिनिटे थांबावे. कधी कधी कारकून कामात बुडालेला असतो, आणि आपोआप मोकळा होतो.

मग कीबोर्डावरची 'कॅप्स लॉक' ही कळ दाबावी. बहुतेक कीबोर्डांवर तिचा एक बारीक दिवा असतो. दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जागे आहे, वरचा एखादा कार्यक्रमच अडकला आहे. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या की तो एकटा बंद करता येतो. दिवा हालत नसेल, तर सगळे यंत्रच अडकले. अशा वेळी सुरू करण्याचे बटण मनात दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरावे. पेटी बंद होते.

दिवा लागला की नाही, हेही वहीत लिहावे. ताईच्या वहीत बहुतेक ओळींपुढे 'दिवा नाही' असे होते. म्हणजे हे दुखणे एखाद्या कार्यक्रमाचे नव्हते, सगळ्या यंत्राचे होते.

आणखी एक सांगून ठेवतो. अर्जाचे पैसे भरताना कॉम्प्युटर अडकला आणि पावती निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी खात्याचा हिशोब पाहा. पैसे कापले गेले असतील तर दुहेरी भुर्दंड बसतो.

पहिले काम: कागद वाचवा

कॉम्प्युटर अडकू लागला की पेटीला हात लावण्याआधी आपले कागद पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. एका नव्हे, दोन पेनड्राइव्हवर. एक कचेरीत, एक घरी. कारण दुखणे कपाटाचे निघाले तर कागद केव्हाही जातील, आणि कोणी फॉरमॅट मारला तर नक्कीच जातील. पाणीपट्टीची यादी गेल्यावर ताईने हे केले. आधी केले असते तर अकरा दिवस वाचले असते. दुरुस्तीवाल्यानेही विचारायला हवे होते, "काही जपून ठेवायचं आहे का?" त्याने विचारले नाही. तुम्ही मात्र त्याला विचारा, "तुमच्या हातून काही पुसलं जाणार आहे का?"

वही काय बोलली?

बारा दिवस झाले. वहीत सतरा ओळी झाल्या. गुरुजी आणि ताई मोजायला बसले. सतरांपैकी चौदा ओळी दुपारी बारानंतरच्या. एकदा अडकल्यावर लगेच सुरू केला तर तो पुन्हा लवकर अडके. तासभर बंद ठेवला तर बराच वेळ चाले.

यावरून काय दिसते? उन्हाने दमलेल्या माणसासारखेच दिसते ना? सावलीत बसवले की बरे वाटते, लगेच उन्हात काढले की पुन्हा चक्कर.

प्रोसेसर काम करताना तापतो. आजच्या पुष्कळ प्रोसेसरांची सोसण्याची हद्द ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथवर पोचला की तो आपला वेग कमी करतो, आणि तरी तापला तर जळू नये म्हणून पेटी बंद पाडतो. पेटीतले दुसरे भाग त्याच्या आधीही ताप सोसेनासे होतात आणि कामात चुका करू लागतात. ताप निघून जावा म्हणून प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो, आणि ठोकळ्यावर पंखा. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीत ४२ अंश असतील तर पंखा त्याहून थंड हवा कुठून आणणार? म्हणून जो कॉम्प्युटर माघात नीट चालतो तोच वैशाखात अडकतो.

पेटी कुठे होती पाहा. भिंत आणि कागदांचे कपाट यांच्या फटीत, जमिनीवर. खिडकी रस्त्याच्या अंगाला, एसटी गेली की धुळीचा लोट आत. आणि पेटीवर कोणी हौसेने भरतकामाचा रुमाल घातलेला. रुमाल पाठीमागे लोंबत होता, नेमका गरम हवा बाहेर पडण्याच्या जाळीवर. सरकारी वस्तू जपावी म्हणून घातलेला तो रुमाल तिचे तोंड दाबून बसला होता.

साफसफाई अशी केली. पेटी बंद केली. वायर भिंतीतून काढली. वायर काढल्यावर सुरू करण्याचे बटण एकदा दाबले, म्हणजे आत उरलेली थोडी वीजही निघून गेली. पेटी ओसरीवर आणली. बाजूचा पत्रा काढला. आत हात घालण्याआधी ताईने पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आपल्या अंगावर कोरडी वीज असते. टेरिकॉटची साडी किंवा शर्ट चरचरतो ना, तीच. ती एकदम आतल्या भागाला लागली तर तो मरतो.

आत काय होते? ठोकळ्याच्या पात्यांत धुळीचा थर असा बसला होता, जणू घोंगडीचा तुकडाच. मूठभर तरी निघाला. दोन मेलेली झुरळेही निघाली. रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशाने धूळ सैल केली आणि गुरुजींनी शाळेतून आणलेल्या वारा मारायच्या यंत्राने उडवली. वारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवला. नाही तर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो. ओले फडके कुठेही लावले नाही.

ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या मध्ये एक मलम असते, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. ते काही वर्षांनी वाळते. मग प्रोसेसरचा ताप ठोकळ्याला नीट पोचत नाही. ठोकळा काढला तर जुने मलम पुसून नवे लावावेच लागते, आणि ते थोडेच लावायचे असते. हे काम जाणत्याकडून करून घ्यावे. या पेटीचे मलम गुरुजींनी बदलले.

मग पेटी टेबलावर ठेवली, भिंतीपासून वीतभर दूर. रुमाल घडी करून कपाटात गेला.

दुपारचे अडकणे थांबले. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले. रांग भराभर सरकू लागली. पीककर्जाचे कागद मुदतीत गेले.

पण २ जूनला सकाळी नऊ वाजता कॉम्प्युटर पुन्हा अडकला. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता. हवा गार होती.

दुसरे दुखणे

गावात लगेच बोलणे सुरू झाले, "एवढं सगळं करून शेवटी तेच!" पण ते 'तेच' नव्हते. वहीत सतरांपैकी तीन ओळी सकाळच्या होत्या, आठवते ना? १३ मेची सकाळ. सुरू करून पंधराच मिनिटे झालेली. पेटी तापायला वेळच मिळाला नव्हता. त्या तीन ओळींचे कारण ताप नव्हते. म्हणजे दुखणी दोन होती. एक गेले म्हणून दुसरे उघडे पडले. वही नसती तर साफसफाई फुकट गेली असेच सगळे म्हणाले असते.

आता संशय कोणाकोणावर? लाईनच्या विजेवर. कपाटावर. कपाटात मांडलेल्या विंडोजवर. पाटीवर. आणि वीज पुरवणाऱ्या डब्यावर.

गुरुजींनी एक अट घातली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशानं बरं वाटलं ते कळायचं नाही." दुसरी अट थांबण्याची. सकाळचे अडकणे साधारण चार दिवसांतून एकदा होई. मग एक बदल करून चार दिवस नीट गेले, तर त्याला काही अर्थ नाही. ते योगायोगानेही जातात. निदान बारा दिवस, म्हणजे तिप्पट तरी, थांबायला हवे. आमच्या मते या कामात अकलेपेक्षा धीर जास्त लागतो, आणि दुरुस्तीवाल्याला तेवढा धीर परवडत नाही. म्हणून हे काम पेटी वापरणाऱ्यानेच करावे.

लाईनची वीज वहीनेच सोडवली. सकाळचा एक प्रसंग लाईन नसताना, बॅटरीवर घडला होता. तेव्हा लाईनचा दोष नाही.

विंडोज आणि कपाट यांची परीक्षा गुरुजींनी एका पेनड्राइव्हने घेतली. त्या पेनड्राइव्हवर लिनक्स नावाची दुसरी व्यवस्था होती. तिच्यावर कॉम्प्युटर चालवला की कपाटाला हात लावावा लागत नाही, तिथले विंडोजही झोपलेले राहते. शनिवारी-रविवारी कचेरी बंद असताना ताईने कॉम्प्युटर असा चालवत ठेवला. रविवारी सकाळी तो अडकला. दिवा नाही.

झाले! विंडोज चालू नसताना अडकला, म्हणजे विंडोज निर्दोष. दोन्ही वेळा केलेला फॉरमॅट व्यर्थ होता, हेही त्या दिवशी सिद्ध झाले. कपाटावरचा संशयही जवळजवळ फिटला.

उरले दोन, पाटी आणि डबा. पाटी तपासणे सोपे, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक नावाची चाचणी असते. मेमटेस्ट नावाची वेगळी चाचणीही फुकट मिळते. ही चाचणी पाटीच्या प्रत्येक घरात लिहिते आणि परत वाचून पाहते. वेळ लागतो, म्हणून रात्रभर चालू ठेवावी. इथे एकही चूक माफ नाही. शंभरात नव्याण्णव गुणांनी पास, असा हिशोब पाटीला लागू नाही.

सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. चुका निघाल्या होत्या.

पेटीत ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. पट्टीच्या दोन टोकांना चिमटे असतात. ते बाहेर दाबले की पट्टी वर येते. पट्टीच्या खालच्या काठाला सोनेरी दात असतात. कधी कधी पट्टी चांगली असते, दातांवरच किटण चढलेले असते. म्हणून आधी पेन्सिलीच्या खोडरबराने दात हलक्या हाताने पुसले, चुरा झटकला, पट्ट्या परत बसवल्या. काठाला एक खाच असते, त्यामुळे पट्टी एकाच बाजूने बसते. नीट बसली की चिमटा 'टक्' वाजतो. पुन्हा रात्रभर चाचणी. पुन्हा लाल ओळी.

मग एक पट्टी काढून ठेवली आणि दुसरी एकटी तपासली. चूक नाही. तीच पट्टी काढली, आणि त्याच खोबणीत पहिली बसवली. लाल ओळी. खोबणी तीच, म्हणजे दोष खोबणीचा नाही. चोर सापडला.

चांगल्या एका पट्टीवर काम सुरू ठेवले. थोडे सावकाश चाले, पण चाले. बारा दिवस गेले, एकदाही अडकला नाही. म्हणजे डबाही निर्दोष. पट्ट्यांवर पुष्कळ कंपन्या बऱ्याच वर्षांची हमी देतात. पंचायतीच्या दप्तरात खरेदीची पावती निघाली. पट्टी फुकट बदलून मिळाली.

जुलैत पीक विम्याची रांग लागली तेव्हा ती वही टेबलावरच होती. आबा आता रात्रीच्या वर्गाला येतात. त्यांनी वही ओढली आणि अक्षर अक्षर जोडून मोठ्याने वाचले, "बा-रा मे. दु-पा-री ए-क द-हा." मग म्हणाले, "या दिवशी मी होतो की रांगेत!" आणि जरा वेळाने, "पोरी, मी तुला उगाच बोललो."

आणखी काही दुखणी

प्रत्येक अडकणारा कॉम्प्युटर ताप आणि पाटी यांमुळेच अडकतो असे नाही.

अर्धा-एक मिनिट थांबतो, मग आपोआप चालू होतो, पुन्हा थांबतो. थांबला असताना पेटीवरचा लाल दिवा सारखा पेटलेला. आतून टक्-टक् आवाज. हे कपाटाचे दुखणे. इथे मात्र वही-बिही नंतर. त्याच दिवशी कागद उतरवून घ्या आणि कपाट बदला.

अडकत नाही, पण फटकन बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. इथे विजेचा डबा पाहावा, किंवा ताप पाहावा. शेजारी पिठाची गिरणी किंवा मोटार सुरू होताना असे होत असेल तर व्होल्टेज मोजून घ्यावे. खटका ढिला आहे का, अर्थिंग आहे का, तेही पाहावे. तीन पिनांतली मोठी पिन अर्थिंगची असते. ती कापून दोन पिनांवर चालवू नये. जुन्या पेटीच्या हिरव्या पाटावर बारीक नळकांडी असतात. त्यांचे डोके सपाट असायला हवे. फुगले असेल किंवा वर तपकिरी चिकट काही आले असेल, तर पाट दुरुस्तीला द्यावा. विजेचा डबा मात्र स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. ती माणसाला मारू शकते.

नवा कार्यक्रम घातल्यापासून अडकू लागला, तर तो कार्यक्रम काढून पाहावा. व्हायरस मारणारे दोन कार्यक्रम एकदम ठेवू नयेत, ते एकमेकांशी भांडतात. कपाट काठोकाठ भरू देऊ नये. आणि पेटीत विंडोज १० असेल तर कंपनीने त्याची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे, हे पंचायतीच्या कानावर घालावे. त्याने कॉम्प्युटर अडकत नाही, पण चोराला दार उघडे राहते.

सराव

खाली तीन गावांच्या वह्यांतल्या ओळी आम्ही रचून दिल्या आहेत. मोठ्याने वाचा. कोणत्या भागावर संशय घ्याल आणि पहिली एकच गोष्ट कोणती बदलाल, ते वर्गात बोला आणि आपल्या वहीत लिहा.

१. संध्याकाळी ७ ते ८ याच वेळात बंद पडतो. तेव्हाच गावची पाण्याची मोटार चालू होते. बॅटरीवर असताना एकदाही बंद पडला नाही.

२. अडकतो, पण कॅप्स लॉकचा दिवा लागतो. दर वेळी छापण्याचे काम चालू असते. गेल्या आठवड्यात नवा प्रिंटर आणला.

३. कधी सकाळी, कधी रात्री. दिवा नाही. पेटी साफ आहे. लिनक्सवरही अडकला. पाटीच्या दोन्ही पट्ट्या रात्रभर तपासल्या, एकही चूक नाही.